मोहोर कोणाच्या हाती?

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, आणि त्या पेटीत तांबड्या खारव्यात बांधलेले एक दप्तर आहे. वडिलांच्या हयातीत ते दप्तर वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खाली उतरत असे. वडील त्यावरची धूळ झटकीत, गाठ सोडीत, कागद उन्हात पसरीत आणि संध्याकाळी पुन्हा त्याच क्रमाने बांधून ठेवीत. त्यात आजोबांच्या काळचा, निजामी अमलातला एक उर्दू दस्त आहे. त्याच्या समासात कोणा कारकुनाने मोडीत दोन ओळी खरडल्या आहेत. पुढे हैदराबाद राज्यातल्या पावत्या आहेत. १९५६ साली आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला तेव्हापासूनचे कागद कन्नडात आहेत. एका कुटुंबाची तीन पिढ्यांची जमीन तीन लिप्यांत आणि चार अमलांत त्या वीतभर दप्तरात मावलेली आहे. आम्ही मराठीचे एम. ए.; पण आमच्याच घरचे निम्मे कागद आम्हांला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात. सीमाभागातल्या माणसाचे हे जुनेच दैव आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तीन भाषा कानांवरून गेलेल्या माणसाला निदान एवढे कळते, की कागद वाचल्याखेरीज त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

निदान कळावयास हवे. आम्हांला ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही धाकट्या बहिणीकडून कळले. आज सांगावयाची हकीकत तीच आहे.

वडील २०१९ मध्ये गेले, त्यांच्यामागे चार वर्षांनी आई गेली. मांजरेच्या काठी सहा एकर काळी जमीन, तीत एक विहीर, विहिरीवर दोन आंबे. एवढा आमचा वारसा. भावंडे आम्ही दोघेच. बहीण हैदराबादेस दिलेली, सुखवस्तू घरात नांदत असलेली. तेव्हा बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्यावे, जमीन आमच्या नावे लावावी आणि दिवाळीला तिला चांगलीशी पैठणी घ्यावी, असा विचार आमच्या मनात आला. विचार आला असे म्हणणेदेखील खरे नव्हे. विचार केलाच नाही. रीतच अशी होती.

रीत कशी होती तेही सांगतो. १९८१ साली आम्ही सहावीत असताना वडिलांबरोबर तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेलो होतो. कचेरीच्या आवारात एक लिंब होता. लिंबाखाली उतरत्या झाकणाची लाकडी पेटी मांडून बाँडरायटर बसलेला असे. डोक्याला टोपी, कानाला टाक, समोर शाईचा ठसा. त्या दिवशी आमच्या आत्याचे हक्कसोडपत्र होते. बाँडरायटरने भरभर लिहिले, भरभर वाचले. वाचले ते कन्नडात. आत्याला कन्नड येत नव्हते. तिने पदर सावरीत विचारले, “काय लिहिलंय रे त्यात?” वडील म्हणाले, “घरचंच आहे. ठेव अंगठा.” आत्याने अंगठा ठेवला. परतताना बाजारात वडिलांनी तिला साडी-चोळी घेतली आणि आम्हांला शेवचिवडा. त्या शेवचिवड्याची चव आम्हांला आजही आठवते. आत्याच्या निळ्या अंगठ्याची आठवण मात्र गेली चाळीस वर्षे आमच्या मनात कोठे लपून बसली होती कोण जाणे.

आता लिंबही नाही आणि पेटीही नाही. आमच्या राज्याने जमिनीच्या कागदांचा कारभार यंत्रावर नेण्यात पुष्कळ आघाडी घेतली. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला आमच्याकडे पहाणी म्हणतात. ‘भूमी’ योजनेत अशा सुमारे दोन कोटी पहाण्या संगणकावर चढल्या आणि २००१-०२ च्या सुमारास तलाठ्याच्या हातची पहाणी जाऊन तालुक्याच्या खिडकीवरची छापील पहाणी आली. पाठोपाठ खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे यांच्या नोंदणीसाठी २००३ च्या सुमारास ‘कावेरी’ आली. ती रचली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने, त्याच सुमारास महाराष्ट्रात नोंदणीसाठी ‘सरिता’ आली होती. नोंदणीखात्यातल्या अधिकाऱ्यांना नद्यांची नावे का आवडावीत याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटे. कदाचित नदीसारखा कागदही अडू नये, वाहता राहावा, अशी त्यांची मनीषा असेल.

या जुन्या कावेरीची जागा २०२३ मध्ये नव्या कावेरीने घेतली. तिला ‘कावेरी दोन’ म्हणतात. नवलाची गोष्ट अशी, की बंगळूर-म्हैसूरकडे न होता तिचा प्रारंभीचा प्रयोग आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, चिंचोळीच्या उपनिबंधक कचेरीत झाला. तूर आणि दगड यांसाठी ठाऊक असलेल्या या कोरड्या मुलखाने कावेरीचे पाणी प्रथम चाखले, असे आमचे एक सहशिक्षक गमतीने म्हणत असत.

जुन्या आणि नव्या पद्धतीत फरक काय, हे वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या पुष्कळ मंडळींची वडिलोपार्जित जमीन इकडे आहे. पूर्वी कागद घेऊन कचेरीत जावे लागे, तेथे कारकून मजकूर यंत्रात भरी, आणि ती भरणी होईपर्यंत पक्षकार, साक्षीदार व ओळख पटविणारे ओट्यावर दिवस काढीत. आता संकेतस्थळावर आपले खाते उघडावयाचे. दस्ताचा मसुदा, ओळखीचे कागद, जमिनीचा तपशील हे सर्व घरबसल्या तेथे चढवावयाचे. जमिनीची माहिती भूमीशी आपोआप ताडून पाहिली जाते. उपनिबंधक मसुदा पाहतात, काही न्यून असल्यास शेरा मारून परत पाठवितात, ठीक असल्यास मान्य करतात. मग शुल्क भरावयाचे, दिवस व वेळ ठरवावयाची, आणि कचेरीत जावयाचे ते केवळ छायाचित्र, अंगठा व सही यांसाठी. नोंदलेला दस्त अधिकाऱ्याच्या अंकीय स्वाक्षरीसह पुन्हा आपल्या खात्यातच येऊन पडतो. थोडक्यात, लिंबाखालची पेटी आता प्रत्येकाच्या घरी आली, आणि तिची किल्ली प्रत्येकाच्या हाती दिली गेली.

किल्ली आपल्या हाती दिली, एवढे तेवढे आमच्या ध्यानात आले नाही.

जुलै २०२४ मध्ये आम्ही बाजारपेठेतल्या एका संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. आमच्याच शाळेतून शिकून गेलेला. त्याने आदराने खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणाला, “सर, तुम्ही काही बघू नका. खातं मी उघडतो.” आम्हांला बरेच वाटले. खाते उघडताना मोबाइलवर एक सांकेतिक अंक येतो तो द्यावा लागतो. आमचा मोबाइल घरी राहिला होता. मुलगा म्हणाला, “हरकत नाही सर, माझाच नंबर टाकतो.” गुप्तशब्दही त्यानेच ठरविला. बहिणीला आम्ही फोन केला, तिने आधार कार्डाची प्रत, छायाचित्र, जे मागितले ते, थेट त्या मुलाच्या मोबाइलवर धाडले. मसुदा त्याने एका वकिलाच्या जुन्या मसुद्यावरून कन्नडात तयार केला. आम्ही शाळेच्या घाईत होतो. सर्व्हे नंबर तेवढा पाहिला आणि मान हालविली.

तीन आठवडे गेले, चार गेले. काही हालचाल नाही. आम्ही जो भेटेल त्याला सांगू लागलो, की पाहा, यंत्रे आली, नद्यांची नावे आली, पण सरकारी कारभार तो सरकारी कारभारच! आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत, हे असे बोलताना आम्हांला सोयिस्करपणे विसरता येते. शेवटी एका शनिवारी तावातावाने कचेरीत गेलो. तेथल्या कारकुनाने पडद्यावर पाहून शांतपणे सांगितले, “सर, तुमचा मसुदा तिसऱ्याच दिवशी परत पाठविला आहे. पहाणीत तुमच्या वडिलांचे नाव एक आणि मसुद्यात एक आहे. शेरा दिला आहे. निरोपही गेला आहे.”

निरोप गेला होता तो दुकानातल्या मुलाच्या मोबाइलवर. त्याच्याकडे अशी पन्नास-साठ खाती होती. सगळ्यांना त्याचाच मोबाइल क्रमांक आणि बहुतेकांना एकच गुप्तशब्द. निरोपांच्या गर्दीत आमचा निरोप हरवला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. वाईट एवढेच होते, की आमच्या घराचे दार त्याच्या खिशात होते आणि ते आम्हीच तेथे ठेविले होते. कचेरीला महिनाभर नावे ठेवली त्याची लाज वाटून आम्ही त्या कारकुनाची क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, “रोजचेच आहे, सर.”

त्याच सुमारास शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही बीदरच्या मदरशास गेलो. बीदर आम्हांला परके नाही, दरवर्षी जातो. १४७२ मध्ये बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने तो बांधविला. इराणातल्या गिलान प्रांतातून आलेला हा विद्वान माणूस. मदरशाचा एक मनोरा अद्याप उभा आहे, त्यावर निळ्या-हिरव्या कौलांचे तुकडे उन्हात चमकतात. तेथे उभे राहून आम्ही मुलांना दरवर्षी तीच कथा सांगतो. गावानाचे वैभव ज्यांना खुपत होते अशा सरदारांनी त्याच्या मोहोरदाराला फितविले आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली. मजकूर नंतर लिहिला. वजीर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण देत आहे, असा तो मजकूर. कागद सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या हाती पडला. गावानाला बोलाविले. तो म्हणाला, मोहोर माझी आहे, पण मजकूर माझा नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. सुलतान पुढे पस्तावला, पण वर्षभरातच तोही गेला आणि बहमनी राज्याची वीण उसवली ती उसवलीच.

एवढी वर्षे ही कथा आम्ही फितुरीची कथा म्हणून सांगत आलो. त्या दिवशी मनोऱ्याच्या सावलीत सांगता सांगता आमचा आवाज अडखळला. मोहोर दुसऱ्याच्या हाती होती, आणि कागद कोरा होता! मजकूर न वाचता उमटविलेली मोहोर आणि कोऱ्या कागदावरची मोहोर यांत भेद तो काय? आमचा गुप्तशब्द त्या मुलाच्या हाती होता. आमचा मसुदा आम्ही पुरता वाचला नव्हता. आमच्या बहिणीने तर तो पाहिलाही नव्हता. गावानाचा मोहोरदार निदान फितविला तरी होता. आमच्या मोहोरदाराला आम्ही आपण होऊन, चहा पिता पिता, मोहोर देऊन आलो होतो.

परतल्यावर पहिले काम केले ते हे, की मुलाच्या दुकानात जाऊन, त्याचा राग न धरता, ते जुने खाते सोडून दिले आणि आमच्याच मोबाइलवर, आमच्याच गुप्तशब्दाने नवे उघडले. चिरंजीवांनी फोनवरून मार्ग दाखविला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. चष्मा तीनदा पुसावा लागला. मग बहिणीला फोन करून म्हटले, “अक्का, तुझे कागद पुन्हा एकदा धाड. या वेळी माझ्याकडेच धाड.”

बहीण धाकटी असली तरी आम्ही तिला लाडाने अक्काच म्हणतो. ती नेहमीसारखी “बरं” म्हणाली नाही. क्षणभर थांबून म्हणाली, “अण्णा, धाडते. पण आधी त्यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.”

तिने असे का विचारावे, याला कारण घडले होते. २०२३ मध्ये बंगळुरात काही लोकांच्या बँकखात्यांतून परस्पर पैसे गेले. चौकशीत असे दिसले, की नोंदलेल्या दस्तांच्या प्रतींवरून अंगठ्यांचे ठसे व आधार क्रमांक उचलून, बनावट ठसे तयार करून, आधारद्वारे पैसे देणाऱ्या यंत्रांवर ते वापरले गेले होते. नोंदणीखात्याने मग प्रतींवरचे ठसे झाकण्याची व्यवस्था केली. ही बातमी बहिणीच्या मुलीने तिला वाचून दाखविली होती, आणि आधारावरचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे तीही लावून दिली होती. अंगठा ही केवढी मौल्यवान वस्तू आहे हे तिला आमच्याआधी कळले होते. ज्या कागदावर अंगठा ठेवावयाचा, तो कागद काय म्हणतो, हा त्यापुढचा स्वाभाविक प्रश्न होता.

“घरचंच आहे,” हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. आले आणि तेथेच थिजले. लिंबाखालचे वडील, पदर सावरणारी आत्या आणि शेवचिवड्याचा पुडा हे सर्व एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्या रात्री आम्ही मसुदा उघडून बसलो. आम्ही कन्नडातील एक एक वाक्य वाचावे, त्याचे मराठी करावे आणि तिने पलीकडून “हं” म्हणावे, असा क्रम चालला. कायद्याची कन्नड ही कायद्याच्या मराठीइतकीच दुर्गम असते; पण अर्थ लागत गेला. तिसऱ्या पानावर वाक्य आले: लिहून देणारीस तिच्या हिश्शाचा पुरेपूर मोबदला पूर्वीच पोहोचला असून ती आपल्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना, सर्व हक्क सोडीत आहे. आम्ही वाचले. पलीकडून “हं” आले नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “अण्णा, मोबदला कोणता रे पोहोचला?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती पुढे म्हणाली, “मला जमीन नकोही असेल. पण सोडायची की ठेवायची, हे तू मला विचारलंस का? राजीखुशी म्हणजे विचारल्यावर दिलेलं उत्तर ना? तू तर उत्तरच लिहून आणलंस.”

तीस वर्षे मुलांना आम्ही प्रश्नोत्तरे शिकविली. प्रश्नाआधी उत्तर लिहिणाऱ्याला शून्य गुण देतो. त्या रात्री आम्ही स्वतःला तेवढेच दिले.

कायदा आम्हांला ठाऊक नव्हता असे नाही. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने बसविले. देशभर तसे २००५ मध्ये झाले. शाळेच्या नागरिकशास्त्रात आम्ही समतेचा धडा तन्मयतेने शिकवितो. पण कायदा पाठ असणे आणि तो स्वतःच्या बांधावर लागू करणे यांत मांजरेच्या दोन काठांइतके अंतर आहे.

घरात चर्चा झाली. ती सर्वस्वी गोड झाली असे लिहिले तर वाचक आम्हांस खोटारडे म्हणतील. आमच्या सौभाग्यवती दोन दिवस अबोल होत्या. आईच्या आजारपणात सहा वर्षे ज्यांनी केले त्यांना हिशेबात काही नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तोही प्रश्न खराच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बहिणीला फोन लावला. नणंद-भावजया दीड तास बोलल्या. काय बोलल्या ते आम्हांला आजतागायत कळलेले नाही. शेवटी ठरले ते असे, की बहिणीने विहिरीकडचे दोन एकर आपल्या नावे ठेवावेत आणि उरलेल्यावरचा हक्क आपल्या इच्छेने सोडावा. तिचे दोन एकर आम्हीच बटईने करावे. हक्कसोडपत्राचे वाटणीपत्र झाले. मोबदल्याचे ते खोटे वाक्य गेले आणि त्याच्या जागी खरे आले. आईची सेवा भावजयीने केली, ही गोष्ट बहिणीने आग्रहाने मसुद्यात घालावयास लावली. वकील म्हणाले, कायद्याला तिची गरज नाही. बहीण म्हणाली, “मला आहे.”

नोव्हेंबर २०२४ मध्ये नोंदणी झाली. मसुदा आधीच मान्य झालेला असल्याने कचेरीत पाव तासही लागला नाही. छायाचित्र, अंगठा, सही. बहिणीने सही करण्यापूर्वी कागद पुन्हा चाळला, अधिकारी थांबले. आम्हीही थांबलो. ते थांबणे आम्हांला फार मोलाचे वाटले. बाहेर पडल्यावर बाजारातून आम्ही शेवचिवडा घेतला. साडी घेतली नाही. भाऊबीजेची साडी भाऊबीजेला दिली होती. जमिनीपोटी साडी देण्याची पद्धत आता आमच्या घरी संपली.

शाळेत गेल्यावर आम्ही आणखी एक काम केले. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती राज्याच्या संगणकव्यवस्थेत भरलेली असते: नाव, जन्मतारीख, जात, आईवडील, सारे काही. त्या व्यवस्थेचा आमच्या शाळेचा गुप्तशब्द ऑफिसातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहिलेला होता, आम्हीच लिहिलेला. कपाट दिवसभर उघडेच असे. शाळेचा कागद हा साधा कागद नव्हे. घटनेच्या ३७१-जे कलमाने आमच्या भागाला शिक्षणात व नोकरीत जे आरक्षण मिळाले, त्याच्या दाखल्यासाठी जुन्या शाळेची नोंद लागते. पुण्या-हैदराबादेस गेलेली मंडळी वीस-वीस वर्षांनी प्रवेशनिर्गम रजिस्टरातली आपली एक ओळ शोधीत येतात, आणि ती सापडली म्हणजे त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. त्या ओळींचे आम्ही मोहोरदार. आम्ही ओले फडके घेतले, खडू पुसला आणि गुप्तशब्द बदलला. शिपाई आश्चर्याने पाहत राहिला.

दरम्यान नव्या कावेरीवरही संकट आले. जानेवारी २०२५ मध्ये कोणीतरी यंत्रांकरवी बनावट खाती आणि खोट्या विनंत्या यांचा तिच्यावर एवढा भडिमार केला, की राज्यभर नोंदणीची कामे खोळंबली. बंगळुरात पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. असा हल्ला चोरीसाठी नसतो, दार अडविण्यासाठी असतो. हजार माणसे उंबऱ्यात उगाच उभी राहिली तर खरा पाहुणा आत कसा जाणार? गावात पारावर लगेच निकाल लागला, की यापेक्षा आपले जुने दप्तरच बरे. आम्हांला तसे वाटले नाही. दप्तराला वाळवी लागते, पूर येतो, घर गळते. आजोबांच्या उर्दू दस्ताचा एक कोपरा उंदराने खाल्ला आहे, आणि नेमका चतुःसीमेचा. तशीच यंत्रावरही आंधळी भिस्त ठेवू नये. म्हणून दस्ताच्या दोन छापील प्रती काढल्या. एक आमच्या पेटीत, एक हैदराबादेस बहिणीच्या कपाटात. शिवाय एक प्रत दोघांच्या डिजिलॉकरमध्ये. पेटी बदलली, तरी राखण्याचे काम बदलत नाही.

बीदरच्या दरबाराशी दोन कागदांच्या कथा जोडलेल्या आहेत. एक गावानाचा; त्यावर मोहोर खरी, मजकूर खोटा. दुसरा दामाजीपंतांचा. मंगळवेढ्यास दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे गरिबांना मोकळी केली, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारात रक्कम भरून पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांच्या पोथीत सापडली, अशी परंपरा सांगते. एका कागदाने प्राण घेतला, एकाने वाचविला. लहानपणी आजीकडून ही कथा ऐकताना आम्हांला विठू महाराचे कौतुक वाटे. आता त्याहून त्या पावतीचे वाटते. ज्याची पावती त्याच्याच पोथीत पोहोचली, दुसऱ्या कोणाच्या नव्हे; हा काही लहान चमत्कार नाही.

बाहेरगावी असलेल्या आमच्या वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या गावाकडच्या कागदांचे खाते कोणाच्या मोबाइलवर आहे ते एकदा पाहावे. मसुदा कोणत्याही भाषेत असो, घरातल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत तो मोठ्याने वाचावा. आणि सही ज्या बहिणीची, काकूची, आत्याची असेल, तिचे “हं” ऐकल्याखेरीज पुढचे वाक्य वाचू नये.

आमची आत्या २०११ मध्ये गेली. तिला विचारावयाचे राहून गेले.

या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दप्तर खाली काढले, कागद उन्हात घातले आणि वडिलांच्या क्रमानेच पुन्हा बांधले. सर्वांत वर नवे वाटणीपत्र. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. सणाचे बोलणे झाले, तुरीची चौकशी झाली, दोन आंब्यांची झाली. मग म्हणाली, “अण्णा, माझ्या खात्याचा पासवर्ड आज बदलला.”

“काय ठेवलास?” आम्ही सवयीने विचारले.

ती हसली. म्हणाली, “ते नाही सांगायची.”